नव्याने बांधलेले जुने इंजिन का तापते? निदान रेडिएटरपासून नव्हे, मोजमापापासून

मुंबई : हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. तरीही या दोन्ही गाड्या देशभरातील हौशी मालकांच्या दारात आजही उभ्या आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद केल्याने या हौशीला नियमांतही जागा मिळाली आहे. अशा गाड्यांच्या मालकांची एक तक्रार मात्र सर्वत्र सारखीच असते. इंजिन पूर्ण खोलून बांधून घेतले, बोअरिंग झाले, नवे पिस्टन बसले, आणि पहिल्याच लांबच्या फेरीत, बहुधा पहिल्याच घाटात, तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला.

यानंतर गॅरेजमध्ये दोनच सल्ले ऐकू येतात. रेडिएटर बदला, नाहीतर थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. कधी कधी दोन्ही. या सल्ल्यांनी दोष सापडला तर तो योगायोग समजावा. न सापडल्यास मालक तशीच गाडी चालवत राहतो आणि नव्या बोअरमध्ये पिस्टन घासले जातात, गॅस्केट जळते किंवा हेडला तडा जातो. पद्मिनीच्या ॲल्युमिनियमच्या हेडला तर वाकण्याचाही धोका असतो. अलीकडेच केलेला मोठा खर्च मग पुन्हा करावा लागतो.

पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता शीतक द्रवाला वाहून न्यावी लागते. अँबॅसेडरमध्ये दशकानुदशके वापरले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन किंवा पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन याला अपवाद नाही. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, परंतु रेडिएटरचे झाकण आतला दाब राखते आणि दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. झाकण ७ पीएसआयचे असेल तर पाणी ११० अंशांच्या आसपास उकळेल. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर कडक झाले की ही सवलत संपते. अशा वेळी इंजिन निर्दोष असूनही पाणी बाहेर फेकले जाते. दोन-चारशे रुपयांचा हा भाग सर्वांत शेवटी तपासला जातो, हे नवलच.

ग्लायकॉल मिसळल्याने उत्कलनबिंदू आणखी काही अंश वाढतो आणि गंजही रोखला जातो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत मात्र साधे पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस असते. हिमालयात जाणार नसलेल्या गाडीत ग्लायकॉलचे प्रमाण निम्म्याहून अधिक ठेवण्याचे कारण नाही.

निदानाचा पहिला प्रश्न हा की, इंजिन खरोखरच तापते आहे का? थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर ८५ ते ९५ अंश हे चालू इंजिनाचे स्वाभाविक तापमान होय. उन्हाळ्यातील कोंडीत १०० अंश दिसले, तरी दाब टिकून असेल आणि पाणी बाहेर येत नसेल तर तो लगेच बिघाड ठरत नाही. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे अभिसरण थांबते आणि लोखंडातील उष्णता काही मिनिटे पाण्यात उतरत राहते. त्यामुळे काटा थोडा वर चढतो, तेही साहजिक आहे. दुसरीकडे, बांधणीच्या वेळी बदललेला सेन्सर जुन्या मीटरशी जुळत नसेल तर काटा सरळ खोटे सांगतो. अनेक जुन्या गाड्यांत तापमान आणि पेट्रोल या दोन्ही मीटरना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज मिळते. टाकीत आहे त्यापेक्षा जास्त पेट्रोल दिसत असेल आणि तापमानही जास्त दिसत असेल, तर दोष इंजिनात नव्हे, डॅशबोर्डच्या मागे शोधावा.

खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. मात्र चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवतो. थर्मोस्टॅटचे घर, रेडिएटरची वरची टाकी आणि खालची टाकी या तीन ठिकाणी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजमाप घ्यावे. वरची आणि खालची टाकी दोन्ही जवळपास सारख्याच तापलेल्या असतील, तर रेडिएटर हवेला उष्णता देऊ शकत नाही, असा अर्थ होतो. वरची खूप तापलेली आणि खालची बरीच थंड असेल, तर रेडिएटरला पोहोचलेले पाणी नीट थंड होते आहे, पण पुरेसे पाणी फिरतच नाही. जाळीवर मध्येच थंड पट्टे आढळले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या गाड्यांत हे नेहमी आढळते.

दुसरा प्रश्न, गाडी केव्हा तापते? उभ्या गाडीत किंवा रांगेत तापत असेल आणि वेग घेतल्यावर काटा उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे. सैल फॅन बेल्ट, उलट बसवलेला पंखा किंवा परत न लावलेले पंख्याभोवतीचे आवरण ही त्याची साधी कारणे. महामार्गावर किंवा चढावर तापत असेल तर संशय पाण्याच्या प्रवाहावर आणि ज्वलनावर जातो. अशा वेळी एक गंमतशीर दोष आढळतो. खालच्या रबरी नळीतली आधाराची स्प्रिंग बांधणीत हरवलेली असते. पंपाच्या ओढीने नळी वेगात आत दबते आणि इंजिन संथ होताच पूर्ववत होते. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो दिसत नाही. कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि दुसऱ्याने नळीकडे पाहिले, तरच तो उघड होतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच विचारला जात नाही. दुरुस्तीत हात कुठे कुठे लागला? खोलण्यापूर्वी जे इंजिन तापत नव्हते ते बांधल्यावर तापू लागले असेल, तर वीस वर्षे जुन्या रेडिएटरने नेमका तोच आठवडा निवडला असण्याची शक्यता थोडी. दोष बहुधा नव्या कामात असतो.

त्यात अग्रक्रम इग्निशन टायमिंगचा. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबते, जळते वायू एक्झॉस्टच्या मार्गात शिरतात आणि तिथली उष्णता हेडमधील पाण्यात उतरते. डिस्ट्रिब्युटर एका दाताने चुकून बसला असेल, त्याचा व्हॅक्यूम डायफ्रॅम फाटला असेल किंवा पुलीवरील खूण सरकली असेल, तरी इंजिन सुरू होते आणि बरे चालतेही. फक्त ओढ कमी पडते आणि ते तापते. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वरच्या टोकाला असताना पुलीची खूण जुळते का, हे एकदा प्लगच्या छिद्रातून पडताळावे आणि मग टायमिंग लाइट लावावा.

मिश्रण विरल असण्याचा प्रश्न आता देशव्यापी झाला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे सात टक्के ऑक्सिजन असतो. आधुनिक गाडीचा संगणक त्यानुसार इंधन वाढवतो. कार्बुरेटरला ते कळत नाही. जुन्या पेट्रोलच्या काळात ठरवलेला जेट किंवा नीडल आज तेवढ्याच हवेला गरजेपेक्षा कमी इंधन देतो. स्पार्क प्लगचे टोक तपकिरीऐवजी पांढुरके दिसत असेल तर कार्बुरेटरची जुळणी पुन्हा करून घेणे योग्य.

पाणी भरताना आत अडकलेली हवा हेही नेहमीचे कारण. इंजिन थंड असताना, गाडीचे नाक किंचित उंच ठेवून आणि हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावकाश पाणी भरावे. झाकण न लावता थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवले की हवा बाहेर पडते. बुडबुडे त्यानंतरही थांबत नसतील, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरची नळी ताठ होत असेल, तर ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत आहेत. रेडिएटरच्या तोंडावर लावायच्या चाचणी नळीतील निळा द्रव पिवळा पडला की गॅस्केट किंवा हेडचा दोष जवळजवळ निश्चित होतो. काही इंजिनांत गॅस्केट उलटे बसल्यास पाण्याची छिद्रे झाकली जातात. त्यावरील ‘फ्रंट’ किंवा ‘टॉप’ ही अक्षरे शोभेसाठी नसतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याने सुटणारा प्रश्न एकच, थर्मोस्टॅट अडकलेला असण्याचा. त्यासाठी तो काढून तापत्या पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसह टांगावा आणि केव्हा उघडतो ते पाहावे. तो कायमचा काढल्यास हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते. ज्या इंजिनांत बायपास मार्ग थर्मोस्टॅटच बंद करतो, तिथे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते आणि तापमान उलट वाढते.

नव्या इंजिनाचे घर्षण सुरुवातीला अधिक असते, हे खरे. पहिल्या काही शे किलोमीटरांत काटा थोडा वर राहिला तर घाबरू नये. परंतु ‘इंजिन घट्ट आहे, मोकळे होईल’ हे उत्तर काही अंशांच्या वाढीलाच लागू पडते. पाणी उकळत असेल तर नाही. तेव्हा गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम झाकण उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते पाणी अंगावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्याने ओतीव लोखंडाला तडा जातो. हात लावण्याजोगे होईपर्यंत थांबणे हाच मार्ग.

या सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या तरच संशय ब्लॉकवर घ्यावा. बोअरिंगसाठी गेलेला ब्लॉक बाहेरून धुतला जातो. आतल्या पाण्याच्या पोकळीत, विशेषतः शेवटच्या सिलिंडरमागे, गंज आणि क्षारांचा घट्ट चिखल तसाच राहतो. हा थर लोखंडाच्या तुलनेत उष्णता कितीतरी कमी वाहतो. तो पाहण्यासाठी हेड उतरवण्याची गरज नसते. ब्लॉकच्या बाजूचा मागील कोअर प्लग काढून आत वाकवलेली तार फिरवली की तपकिरी पाणी आणि पापुद्रे बाहेर येऊ लागतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन्ही दिशांनी धुऊन, नवा प्लग ठोकून, डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक शीतक भरावे. त्यानंतर त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी, तीनही ठिकाणची तापमाने पुन्हा नोंदवून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहावीत.