व्याध, राजन्य आणि जिम लॉवेल

७ ऑगस्ट २०२५ ला अंतराळवीर जिम लॉवेल वयाच्या ९७ व्या वर्षी गेले. जगभरच्या मृत्युलेखांत अपोलो-१३, टॉम हँक्सचा सिनेमा आणि चंद्रापर्यंत दोनदा जाऊनही तिथे पाऊल न पडल्याची हळहळ, हेच भरून होतं. मला मात्र ते अपोलो-८ मुळे आठवतात, त्यातही त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

डिसेंबर १९६८. चंद्राला दहा प्रदक्षिणा घालून बोर्मन, लॉवेल आणि अँडर्स परतीच्या वाटेवर होते. दिशा सांभाळणं लॉवेल यांच्याकडे. यानातले जायरोस्कोप हळूहळू भरकटतात, म्हणून सेक्स्टंटमधून ठरावीक तारे पकडून संगणकाला आपली दिशा पुन्हा पुन्हा सांगावी लागे. तारा क्रमांक ०१ निवडायचा, तर लॉवेल यांनी दाबला प्रोग्रॅम ०१. तो उड्डाणाआधीचा! यान अजून फ्लोरिडात लाँचपॅडवरच उभं आहे असं संगणकाने धरलं आणि दिशेची साठवलेली माहिती गेली.

हे होऊ शकतं, हे एका लहान मुलीने आधीच दाखवून दिलं होतं. मार्गारेट हॅमिल्टन एमआयटीत अपोलोचं सॉफ्टवेअर लिहीत. त्यांची मुलगी प्रयोगशाळेत सिम्युलेटरशी खेळायची. खेळता खेळता तिने ‘उड्डाण’ चालू असताना हाच प्रोग्रॅम सुरू केला आणि सगळं कोलमडलं. अशी आज्ञा संगणकाने नाकारावी, अशी तजवीज करू द्या, असं हॅमिल्टन यांचं म्हणणं. अंतराळवीर इतके तयार असतात की ते असं करणारच नाहीत, हे नासाचं उत्तर. शेवटी कागदपत्रांत एका टिपेवर भागलं. थकलेला माणूस चुकतो, मग तो कितीही तयारीचा असो. ही चूक लॉवेल यांच्यापेक्षा ते उत्तर देणाऱ्यांच्या पदरात घालावी, असं माझं ठाम मत आहे.

तिकडे यानात लॉवेल यांनी मृगातला राजन्य तारा शोधला, मग व्याध, आणि दिशा पुन्हा बसवली.

सोळा महिन्यांनी, एप्रिल १९७० मध्ये, अपोलो-१३ च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाला. मुख्य यान बंद पडायच्या आत त्यातले दिशेचे कोन चांद्रयानाच्या संगणकात उतरवायचे होते. लॉवेल यांनी कागदावर बेरजा-वजाबाक्या केल्या आणि ह्यूस्टनला सांगितलं, माझं गणित तपासा. बाहेर स्फोटाचे तुकडे चमकत होते, त्यांत खरे तारे ओळखू येईनात. म्हणून सूर्यावरून पडताळा घेतला. पुढे वीज वाचवायला संगणकही बंद केला. मग मार्गाची एक दुरुस्ती तर पृथ्वीवरची दिवस-रात्रीची सीमारेषा खिडकीतल्या खुणेशी जुळवून केली: १४ सेकंद इंजिन चालू, लॉवेल आणि सहकारी हेस यान सावरतायत, तिसरे अंतराळवीर स्विगर्ट घड्याळाकडे बघून सेकंद मोजतायत. १७ एप्रिलला यान पॅसिफिकमध्ये उतरलं ते वाट पाहणाऱ्या जहाजापासून सुमारे साडेसहा किलोमीटरवर. याला लोक नशीब म्हणतात, तेव्हा मला राग येतो.

लॉवेल १९५२ साली अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडले. जीपीएस आल्यावर त्याच अकादमीने ताऱ्यांवरून दिशा काढायचं शिक्षण गुंडाळलं आणि सायबर हल्ल्यांच्या धास्तीने २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं. मुळात ते बंद करायलाच नको होतं.