टेम्सखालचा थांबा

धरण काठोकाठ भरलं की सांडव्यावरून पाणी सुटतं. लंडनच्या गटारांनाही असे सांडवे आहेत, पण त्यांतून टेम्समध्ये पडायचा तो मैला. जुन्या लंडनात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. मोठी सर आली की गटार भरतं आणि घरांत मैला शिरू नये म्हणून जादा पाणी नदीत सुटतं.

ही चूक नव्हे, जाणूनबुजून केलेली सोय. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी इतकी असह्य झाली, की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवले गेले. मग अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी नदीकडे जाणारा मैला वाटेतच अडवून पूर्वेला नेणारी विटांची गटारं बांधली. हिशेब धरला ४० लाख वस्तीचा. तेव्हा शहर त्याहून पुष्कळ लहान होतं. अशी दूरदृष्टी आजही क्वचितच दिसते. पण आज वस्ती ९० लाखांच्या घरात आहे आणि पाणी मुरायला माती फारशी उरलेली नाही. वर्षाला सरासरी सुमारे चार कोटी टन सांडपाणी टेम्समध्ये जाऊ लागलं.

दोन्ही पाण्यांच्या वाहिन्या वेगळ्या करायच्या, तर अख्खं शहर उकरावं लागलं असतं. म्हणून २०१६मध्ये टेम्स टाइडवे बोगद्याचं काम सुरू झालं. लांबी २५ किलोमीटर, व्यास ७.२ मीटर. तो बराचसा नदीखालूनच जातो. पश्चिमेला खोली तीसेक मीटर, पूर्वेला साठहून अधिक. या उतारामुळे पाणी आपोआप पुढे सरकतं. गटारातलं पाणी थेट खाली कोसळलं तर तळ फोडेल, म्हणून खोल विहिरींच्या आतून ते भोवऱ्यासारखं फिरवत, भिंतीला धरून उतरवतात. पूर्वेच्या टोकाला ली नावाचा दुसरा बोगदा ते पाणी बेक्टनच्या प्रक्रिया केंद्रात पोहोचवतो. तिथे पंपांनी उपसून त्यावर प्रक्रिया होते. दोन्ही बोगद्यांत मिळून १६ लाख घनमीटर पाणी मावतं.

बोगदा स्वतः काहीच शुद्ध करत नाही, पाण्याला थांबायला जागा देतो. प्रक्रिया केंद्राला एका तासात न झेपणारं पाणी सर ओसरल्यावर झेपतं. ४०० कोटी पौंडांहून अधिक खर्च ग्राहकांच्या पाणीबिलांतून वसूल होतोय. मला तो योग्य वाटतो, पण अंगणांवर फरशी घालणं थांबलं नाही, तर ही जागाही अपुरी पडेल.

फेब्रुवारी २०२५मध्ये ठरलेले सगळे सांडवे बोगद्याला जोडून झाले. तरी फार मोठ्या पावसात, वर्षातून चारेक वेळा, थोडा मैला टेम्समध्ये जाईल, हे आराखड्यातच धरलेलं आहे.