अपराधजन्य खून

घरफोडी, जबरी चोरी, जाळपोळ यांसारखा गंभीर अपराध करताना कोणाचा मृत्यू घडल्यास, ठार मारण्याचा उद्देश नसतानाही अपराध्यास खुनासाठी जबाबदार धरणारा आंग्ल-अमेरिकन विधीतील नियम. अमेरिकेत तो ‘फेलनी मर्डर’ या नावाने ओळखला जातो. मूळ अपराध करण्याचा उद्देश खुनास आवश्यक अशा दुराशयाची जागा घेतो, हे त्याचे तत्त्व होय. त्यामुळे प्रत्यक्ष वार न करणारा साथीदारही खुनी ठरू शकतो.

घरफोडी व तज्जन्य खून यांच्या दोषसिद्धीविरुद्ध अपील झाल्यास वरिष्ठ न्यायालय पुरावा नव्याने तोलीत नाही. अभियोगपक्षास अनुकूल अशा दृष्टीने तो पाहता विवेकी ज्यूरीस दोष निःसंशय सिद्ध झाला असे वाटू शकले असते काय, एवढेच ते पाहते. घरात शिरतानाचा उद्देश हा येथे कळीचा मुद्दा असतो. तो शाबीत न झाल्यास घरफोडीबरोबर तीवर आधारलेली खुनाची दोषसिद्धीही कोसळते. पुराव्याच्या अपुरेपणामुळे ती रद्द झाल्यास, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बर्क्स निर्णयानुसार, आरोपीवर त्याच आरोपाखाली पुन्हा खटला चालविता येत नाही. ज्यूरीस केलेल्या मार्गदर्शनातील चुकीमुळे रद्द झाल्यास मात्र तो चालविता येतो.

केवळ मारहाणीसाठी केलेल्या गृहप्रवेशाबाबत मतभेद झाले. अशी मारहाण खुनातच विलीन होत असल्याने तिच्यासाठी केलेली घरफोडी या नियमास आधार ठरत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ठरविले. घरात मृत्यूचा धोका अधिक असतो, या कारणास्तव न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९७३ मध्ये विरुद्ध मत दिले. कॅलिफोर्नियानेही २००९ मध्ये आपली भूमिका बदलली.

स्वतः न मारणाऱ्या, मारण्याचा वा प्राणघातक बळ वापरण्याचा उद्देश नसलेल्या साथीदारास देहान्त शिक्षा देणे असांविधानिक होय, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एन्मंड खटल्यात (१९८२) सांगितले. तथापि अपराधातील प्रमुख सहभाग व मानवी जीविताविषयी बेफिकिरी यांची जोड असल्यास ती देता येते, असे टिसन खटल्यात (१९८७) ठरले.

इंग्लंडमध्ये हा नियम १९५७ च्या अधिनियमाने व मिशिगनमध्ये १९८० च्या न्यायनिर्णयाने रद्द झाला. कॅलिफोर्नियाने तो २०१८ च्या कायद्याने मर्यादित केला. भारतात असा सर्वसाधारण नियम नाही. मात्र दरोड्यात एकाने खून केल्यास सर्व दरोडेखोरांना आणि रात्रीच्या घरफोडीत एकाने इच्छापूर्वक मृत्यू घडविल्यास सर्व सहभागी व्यक्तींना कठोर शिक्षेस पात्र ठरविणारी भारतीय दंड संहितेतील (१८६०) कलमे ३९६ व ४६० यांची तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहेत.