मुट्रमातला उजेड

तंजावरच्या आसमंतात, कावेरीच्या फाट्यांमध्ये वसलेल्या गावांतून जी जुनी घरे आहेत, ती पाहून मराठी माणसास आपल्या वाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. रस्त्याकडे ओटा, आत खांबांची ओसरी, मधोमध आभाळाला मोकळा चौक. ओट्याला तेथे तिण्णै म्हणतात आणि चौकाला मुट्रम. भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले, तरी मराठी बोलणारी कुटुंबे त्या प्रदेशात राहिली. अशाच एका नात्यातल्या घरी माझ्या लहानपणच्या सुट्ट्या गेल्या.

पुढे मी संगणकावरील ॲनिमेशनमध्ये प्रकाशयोजना शिकू लागलो. या कामात घर, माणसे, भांडीकुंडी दुसऱ्यांनी रचलेली असतात. पण उजेड पडेपर्यंत सारे निर्जीव. दिवे मांडण्याचे, सूर्य उगवण्याचे काम आमचे. नोकरीसाठी नमुना म्हणून मी त्या घराचेच दृश्य रचले. जूनचा मध्य, मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यात आल्याची वार्ता घेऊन मुलगा भर दुपारी धावत येतो, आजी ओसरीवर बसली आहे. एवढेच. मी अकरा दिवे लावले. दक्षिणेकडून तिरपे सोनेरी ऊन आत सोडले. दृश्य मला फारच देखणे वाटले.

ते परत आले. एका वडीलधाऱ्या कलावंताने दोनच प्रश्न विचारले. हा सूर्य कोणत्या गावचा? आणि मी आजीकडे पाहावे की हंड्याकडे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात होते. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेअकरा अंशांवर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोहोंच्या मधल्या दिवसांत तो उत्तरेस असतो. जूनमध्ये भर दुपारी दहा हात खांबाची सावली जेमतेम सव्वादोन हात पडते आणि तीही दक्षिणेकडे! माझा सूर्य युरोपातल्या नमुन्यांवरून उचललेला होता. लहानपणी त्या चौकात खेळूनही मी तो कधी पाहिला नव्हता.

मग ओसरीत उजेड येतो कोठून? ऊन सरळ चौकाच्या तांबड्या कोब्यावर पडते, तेथून उसळून पाख्याच्या खालच्या अंगाला लागते, भिंतीवर पसरते आणि मग आजीच्या चेहऱ्यावर येते. म्हणजे तो उजेड खालून येतो, मऊ असतो आणि वाटेतल्या कोब्याचा तांबूसपणा घेऊन येतो. हे मर्म आपल्या देशात फार पूर्वी ओळखले गेले आहे. ‘अपराजितो’ या १९५६ सालच्या चित्रपटासाठी काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्यावर खालून मारून परतणाऱ्या उजेडात दृश्य टिपले.

संगणकाला हे शिकवावयास वेळ लागला. उसळत्या प्रकाशाचे सर्वसमावेशक समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडले. पण ते सोडविण्याइतकी यंत्रशक्ती स्टुडिओंना दीर्घकाळ परवडत नव्हती. म्हणून प्रत्येक उसळीच्या जागी हाताने एकेक मंद दिवा ठेवावा लागे. आता किरणांचा माग यंत्र स्वतःच काढते, आणि ब्लेंडरसारखे साधन २००२ पासून सर्वांना मोफत खुले आहे. तरीही नवशिका अकरा दिवे लावतोच. मी लावलेच की!

सावलीचा पाठ मला बाहुल्यांकडून मिळाला. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा तोलपावैकूत्तु करणारे मंडिकर घरी मराठी बोलतात. पडद्यामागे दिवा, मध्ये बाहुली. बाहुली पडद्याला टेकवली की रेघ धारदार. दिव्याकडे सरकवली की छाया मोठी आणि पुसट. सावलीची कड दिव्याच्या आकारावर आणि अशा अंतरांवर ठरते, हे तेथे क्षणात कळते. रंगवलेल्या चामड्यातून उजेड आरपार येतो, तसाच तो केळीच्या पानातून आणि मुलाच्या कानाच्या पाळीतूनही येतो. मी मुलाचा कान मातीच्या पणतीसारखा घट्ट ठेवला होता.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र भूगोल पुरत नाही. यंत्र खरा उजेड मोजून देईल. पण कोणाकडे पाहावे, हे ते सांगत नाही. म्हणून जाणते कलावंत चित्र अंगठ्याएवढे करून, रंग काढून पाहतात: नजर प्रथम कोठे जाते? सगळे दिवे मालवून एकेक लावतात. ज्याचे कारण सांगता येत नाही तो विझवतात. शिवाय खर्च आहेच. सेकंदाला चोवीस चित्रे. एका चित्राला यंत्राचा एक तास लागला, तर पाच सेकंदांच्या दृश्याला एकशेवीस तास. घाई केली की अंधाऱ्या कोपऱ्यांत दाणे दिसू लागतात.

मी सूर्य उत्तरेकडे नेला, आभाळ ठेवले, आजीच्या उजव्या हाताशी एक मंद दिवा ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. तरी नजर कोपऱ्यातल्या पितळी हंड्यावरच जाई. त्याची झळाळी निम्म्यावर आणली, तेव्हा कोठे आजीचे डोळे दिसू लागले.