कर्णा आणि व्हूफर: आवाजाची वाटणी कुठे करायची?

गणपतीच्या मांडवातला कर्णा आठवतो? निवेदकाचा शब्द न् शब्द चौकापर्यंत पोचायचा, पण तबल्याचा डग्गा मात्र गायब! याचं कारण कर्ण्याच्या आकारातच आहे.

कर्णा म्हणजे आवाजाचा गिअर. चिमुकल्या पडद्याची जोरदार पण अगदी थोडी हालचाल तो टप्प्याटप्प्याने मोकळ्या हवेच्या हवाली करतो. मात्र प्रत्येक कर्ण्याला खालची एक मर्यादा असते, तिला कटऑफ म्हणतात. कर्णा जितका हळूहळू रुंदावतो, तितका कटऑफ खाली जातो. शिवाय तोंडाचा घेर साधारण त्या वारंवारतेच्या तरंगलांबीएवढा लागतो. ३०० हर्ट्झची तरंगलांबी १.१४ मीटर, म्हणजे तोंडाचा व्यास ३६ सेंटिमीटर. ३० हर्ट्झसाठी हाच व्यास साडेतीन मीटरच्या वर जातो. लंडनच्या सायन्स म्युझियमसाठी रॉडरिक डेनमन यांनी १९२९-३०च्या सुमारास ३२ हर्ट्झपर्यंत उतरणारा कर्णा उभारला. त्याची लांबी होती २७ फूट, आणि चौकोनी तोंड सात फुटांहून रुंद!

एवढी जागा कुणाकडे असणार? म्हणून खालचे स्वर व्हूफरकडे आणि वरचे कर्ण्याकडे, अशी वाटणी करतात. ती जिथे होते, ती क्रॉसओव्हर वारंवारता. ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, पडद्याची सुरक्षितता. कटऑफच्या खाली कर्ण्याचा आधार सुटतो. आधार नसताना तेवढाच आवाज निम्म्या वारंवारतेवर काढायचा, तर पडद्याला चौपट हलावं लागतं आणि तो फाटू शकतो. म्हणून कटऑफच्या दीडपट ते दुप्पट वर राहायचं. आपल्या ३०० हर्ट्झच्या कर्ण्यासाठी हे झालं ४५० ते ६००.

दुसरी, आवाजाचा पसारा. तरंगलांबी व्हूफरच्या आकाराएवढी झाली की त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा आकसतो. १५ इंची व्हूफरच्या बाबतीत हे १००० हर्ट्झच्या आसपास जाणवू लागतं. त्याच्या पुढे एकदम रुंद पसाऱ्याचा कर्णा सुरू झाला, तर कडेला बसलेल्यांना आवाजाचा पोत मध्येच बदललेला ऐकू येतो.

तिसरी, दोघांमधलं अंतर. कर्णा व्हूफरच्या वर ५० सेंटिमीटरवर आहे आणि समोर दोघांचे आवाज जुळलेले आहेत, असं समजा. क्रॉसओव्हर ८०० हर्ट्झला असेल, तर सुमारे २५ अंश वर किंवा खाली दोघांचे आवाज एकमेकांना खोडून काढतात. तोच २००० हर्ट्झला नेला, तर हा खड्डा फक्त १० अंशांवर येतो. शिवाय २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे बाल्कनीतल्या आजी-आजोबांना नाटकातले संवाद नीट कळणार नाहीत, आणि दोष मात्र कलाकारांच्या उच्चारांना!

म्हणून आपल्या जोडीसाठी ६०० ते १००० हर्ट्झ हा समंजस पट्टा.

इथे ब्रिटनमध्ये स्टेशनवरच्या कर्ण्याला सर्रास ‘टॅनॉय’ म्हणतात. त्याच टॅनॉय कंपनीने १९४७मध्ये अंतराचा प्रश्नच मोडीत काढला. त्यांच्या ड्युअल कॉन्सेंट्रिक स्पीकरमध्ये कर्णा व्हूफरच्या चुंबकातून आरपार जातो आणि व्हूफरचा शंकूच त्याचं पुढचं तोंड होतो. १५ इंची मॉडेलचा क्रॉसओव्हर? १००० हर्ट्झ.

मंडळाच्या कार्यक्रमाआधी माइक तपासताना एवढं करा: एकाला स्टेजवर बोलत ठेवा आणि स्वतः पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत फिरून या. शब्द जिथे बोथट होतील, तिथे आवाज वाढवून उपयोग नाही. कर्णा थोडा खाली झुकवा किंवा वर उचला, म्हणजे तो खड्डा प्रेक्षकांवरून सरकेल.