१०३३ फूट: नागपूरच्या हवेचा दाब आणि विमानाची उंची

विमानातील अल्टिमीटर मोजतो तो हवेचा दाब. उंचीचा आकडा त्या दाबावरून काढलेला असतो. वर जावे तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीलगत साधारण २७ ते २८ फूट चढले की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फूट, म्हणजे ३१५ मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब धरला, तर सोनेगावच्या या धावपट्टीवर तो ९७६च्या आसपास भरतो. मधल्या ३७ हेक्टोपास्कलांचेच ते १०३३ फूट होतात.

दाब उंचीनुसार उतरतो, हे १६४८मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन सिद्ध झाले. पाऱ्याची नळी विमानात निरुपयोगी. तिथे कामी आली ती ल्युसियाँ विदी याने १८४०च्या दशकात बनवलेली निर्वात डबी. पन्हाळीदार पातळ पत्र्याच्या दोन चकत्या कडेने जोडून आतली हवा काढून घेतलेली असते. अशा डब्यांची चळत एका बंद खोक्यात बसवतात आणि ते खोके नळीने विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रांना, म्हणजे स्टॅटिक पोर्टना जोडतात. ही छिद्रे अशा जागी असतात की धावत्या विमानावर आदळणारा वारा थेट आत घुसत नाही. बाहेरचा दाब कमी झाला की डब्या किंचित फुगतात. ही हालचाल डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढीच. दांडे आणि दातेरी चाके ती वाढवून काट्यापर्यंत पोहोचवतात. आधुनिक जेट विमानांत हे काम दाबसंवेदक आणि संगणक करतात, तत्त्व मात्र तेच.

पॉल कोल्समन याने १९२८मध्ये अचूक अल्टिमीटर तयार केला. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, जिमी डूलिटल याने झाकलेल्या कॉकपिटमधून केवळ यंत्रांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवले. अल्टिमीटरच्या तबकडीवरील छोट्या खिडकीला आजही कोल्समनचेच नाव आहे. सारा गुंता या खिडकीतल्या आकड्याचा आहे, कारण हवेचा दाब उंचीप्रमाणे हवामानानेही बदलतो. म्हणून विमानतळावर मोजलेला दाब समुद्रसपाटीला आणून वैमानिकाला कळवतात. त्याला क्यूएनएच म्हणतात. तो खिडकीत लावला की सोनेगावच्या धावपट्टीवर उभ्या विमानात काटा १०३३च्या जवळ आला पाहिजे. उड्डाणापूर्वीची ही तपासणी साधी आहे, आणि म्हणूनच ती मन लावून करावी लागते.

समजा, उन्हाळ्यात क्यूएनएच १००३ आहे आणि खिडकीत १०१३च राहिले. चूक १० हेक्टोपास्कलांची, पण काटा सुमारे २७५ फूट जास्त दाखवेल. आग्नेयेकडून उतरणारी विमाने बेसा परिसराजवळून येतात. नेहमीच्या ३ अंशांच्या उतारावर, टेकण्याच्या जागेपासून ३ किलोमीटरवर विमान धावपट्टीपेक्षा सुमारे ५२० फूटच उंच असते. तिथे २७५ फुटांची चूक म्हणजे निम्म्याहून अधिक उंची हातची गेली.

तापमानाचा हिशेब वेगळा. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांची घट धरलेली आहे. त्यानुसार नागपूरला १३ अंश हवेत, म्हणजे जानेवारीतली पहाट. मे महिन्यात ४५ अंशांवर हवा विरळ होऊन दाबाचे थर एकमेकांपासून लांब जातात. धावपट्टीपासून २००० फूट वर असल्याचे काटा सांगतो, तेव्हा विमान २२०० फुटांच्या आसपास असते. ही चूक सुरक्षेच्या बाजूची. कडाक्याच्या थंडीत ती उलटते आणि विमान दाखवलेल्या उंचीच्या खाली असते. डोंगराळ भागात धोका तिथे आहे.

ठरावीक उंचीच्या वर सर्व विमाने खिडकीत १०१३ लावतात. तेव्हा आकडा समुद्रसपाटीपासूनची खरी उंची सांगत नाही, पण सगळ्यांची चूक सारखीच असल्याने एकमेकांतले अंतर टिकते. या शिस्तीमुळे आणि सुधारलेल्या यंत्रांमुळे २७ नोव्हेंबर २००३पासून भारतीय आकाशात २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात उभे अंतर २००० फुटांवरून १००० फुटांवर आले.

छिद्रेच बुजली तर यंत्र आंधळे होते. २ ऑक्टोबर १९९६ला लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७च्या स्टॅटिक पोर्टवर सफाईच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. ७० जण दगावले.

यंत्र ठीक असूनही दुर्घटना होते. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्रीनंतर मुंबईकडे येणारे अलिटालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारे ३६०० फुटांवर आदळले आणि ९४ जणांचा मृत्यू झाला. मुंबई जवळ आली या चुकीच्या समजुतीने वैमानिकांनी वेळेआधीच उंची सोडली होती. दाबावर चालणारा अल्टिमीटर खालच्या जमिनीविषयी काहीच सांगत नाही. म्हणून आजच्या प्रवासी विमानांत जमिनीवरून परतणाऱ्या लहरींनी अंतर मोजणारा रेडिओ अल्टिमीटर आणि डोंगराचा आगाऊ इशारा देणारी यंत्रणाही असते.