ताणा तारेचा, बाणा लहरींचा

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला ताणा-बाणा शिकवावा लागत नाही. उभं सूत म्हणजे ताणा. तो बीमवरून येतो, घट्ट ताणलेला असतो आणि आपली ओळ सोडत नाही. आडवं सूत म्हणजे बाणा. तो शटलमधल्या कांडीवरून सुटतो आणि इकडून तिकडे धावत राहतो. कापड दोघांनी मिळून होतं. पण ताणाच ढिला असेल तर शटल कितीही पळालं तरी तागा नीट उतरत नाही. आज मला बोलायचं आहे ते घरातल्या वायफायविषयी. मी साहित्य घेऊन बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. तरी हा विषय मला समजला, तो या ताण्या-बाण्यामुळेच.

वायफाय ही काही जादू नव्हे. आकाशवाणीचा आवाज ज्या रेडिओलहरींवरून आपल्या घरात येतो, त्यांचीच ही धाकटी भावंडं. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तार न जोडता, अशाच अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. वायफायचं पहिलं मानक १९९७ साली ठरलं आणि ‘वायफाय’ हे नाव १९९९ साली आलं. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या सरकारी अधिसूचनेनं मोकळा ठेवला आहे. म्हणूनच घरात राउटर लावायला आपल्याला परवाना काढावा लागत नाही.

या लहरींची लांबी समजली की निम्मं कोडं सुटतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते. पण तिच्या वाटेवर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच वाटेनं चाललेले. त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरले जातात: १, ६ आणि ११ क्रमांकांचे. ५ गिगाहर्ट्झची लहर पाच-सहा सेंटिमीटरची. तिची वाट रुंद, माल जास्त वाहते. पण भिंत आडवी आली की लवकर दमते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, ही तर तिची वैरीच.

आता आपल्या घरांकडे पाहा. राउटर कुठे बसतो? जिथे कंपनीची तार घरात शिरते तिथे, म्हणजे बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी. तिथे पुरुषमंडळी बसतात, पाहुणे बसतात. स्वयंपाकघर मागे, त्याच्याही मागे किंवा वरच्या मजल्यावर मुलींची खोली, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची. घरात सिग्नल कुठे मरतो याचा नकाशा काढला, तर तो बहुतेक वेळा घरात कोणाचं म्हणणं शेवटी ऐकलं जातं त्याचाही नकाशा निघतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आल्या, तेव्हा आमच्या गल्लीत किती मुली जिन्याच्या पायरीवर गुडघ्यावर वही ठेवून बसलेल्या मी पाहिल्या! घरात नेट होतं, बिलही भरलेलं होतं. फक्त ते त्यांच्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हतं.

यावर दुकानदार पहिला उपाय सुचवतो तो रिपीटरचा. मधल्या खोलीत एक डबी लावा, ती सिग्नल पकडेल आणि पुढे सोडेल. ऐकायला सोपं आहे. पण मागाची आठवण ठेवा. उभ्या सुताच्या दोन थरांमधल्या वाटेतून एका वेळी एकच शटल जातं; दोन सोडली तर धडक ठरलेली. वायफायचंही तसंच आहे. एका मार्गावर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. साधा रिपीटर त्याच मार्गावर आधी राउटरचं ऐकतो आणि मग तेच पुन्हा फोनला सांगतो. एकच निरोप हवेत दोनदा जातो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. अशी दुसरी डबी लावली की आणखी घट. सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात आणि चित्र मात्र गोल गोल फिरत राहतं, ते यामुळे.

दुसरा उपाय म्हणजे मेश, जाळी. यात दोन-तीन डबे घरभर ठेवतात. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. तुम्ही फोन घेऊन खालून वर गेलात तर फोन आपोआप जवळचा डबा धरतो. ही सोय उत्तमच. पण या डब्यांनी आपसात बोलायचं कसं? डब्या-डब्यांमधल्या या ने-आणीला ‘बॅकहॉल’ म्हणतात. ती ने-आणही हवेतूनच होत असेल तर भिंत, स्लॅब आणि शटलचा नियम यांपासून सुटका नाही. महागड्या संचांत या ने-आणीसाठी वेगळा रेडिओ दिलेला असतो. त्यानं फरक पडतो, पण स्लॅब काही पातळ होत नाही.

म्हणून खरा उपाय जुनाच आहे: डब्या-डब्यांना तारेनं जोडा. तार हा ताणा. तो एकदा ताणून बसवला की भिंत आडवी येत नाही, शेजाऱ्यांची गर्दी आडवी येत नाही. हवेला मग एकच काम उरतं, डब्यापासून हातातल्या फोनपर्यंतचं. आणि तारेनं जोडलेले डबे हवेत वेगवेगळ्या मार्गांवर बोलू शकतात, एकमेकांची वाट अडवत नाहीत.

ही तारही पाहण्यासारखी असते. वरचं आवरण सोललं की आत आठ बारीक तारा दिसतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. सुताला पीळ दिला की ते मजबूत होतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तारेचा पीळ वेगळ्या कामाचा. बाहेरून आलेला विजेचा गोंगाट पीळ दिलेल्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचत असल्यानं तो गोंगाट वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनसाठी या युक्तीचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं. चारी बाजूंनी मोटारी फिरणाऱ्या आमच्या गावात हा पीळ फारच उपयोगाचा.

आमचं घर तळमजला अधिक दोन मजल्यांचं. खाली कापडाचा गाळा, मधे आम्ही, वर मागच्या बाजूला मुलीची अभ्यासाची खोली. तिथे तार नेली, डबा लावला, कारागीर पैसे घेऊन गेला. नेट सुरू झालं, पण वेग चौऱ्याण्णव-पंचाण्णव मेगाबिटच्या वर जाईना. कनेक्शन तर दोनशेचं. नेमका शंभराच्या अलीकडे अडकलेला वेग ही मोठी बोलकी खूण असते. शंभर मेगाबिटला आठांपैकी चारच तारा लागतात, हजाराला आठही लागतात. वरच्या टोकाचा प्लग उघडला, तर तपकिरी जोडीतली एक तार आत टेकलेलीच नव्हती. नवा प्लग दाबून बसवला आणि दोनशे मेगाबिट वर पोहोचले. त्या रात्री मुलीचा वर्ग पहिल्यांदा तिच्याच खोलीत झाला, दार लावून, कोणाला ‘जरा तुमचा व्हिडिओ बंद करा’ असं न सांगता.

ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

आधी फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि सिग्नल कुठे पडतो ते कागदावर लिहा. डबा मेलेल्या कोपऱ्यात नव्हे, तर त्या खोल्यांच्या मधोमध, उंचावर, उघड्यावर ठेवायचा असतो. कपाटात कोंडू नका.

तार कॅट-सहा किंवा किमान कॅट-पाच-ई मागा, आणि शुद्ध तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात स्वस्त मिळते. ती लवकर तुटते आणि लांबवर दगा देते. या तारेची मर्यादा शंभर मीटरची आहे, घराला पुरून उरते. ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नका, वेगळ्या पट्टीतून न्या. आणि उघड्यावरून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची तार मुळीच ओढू नका. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्हीकडची यंत्रं जातात. तिथे काचेची तार, म्हणजे फायबर, बरी.

प्लग लावताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. नेहमी वापरला जाणारा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कारागिराला टेस्टर लावून आठही दिवे दाखवायला सांगा आणि मगच पैसे द्या.

शेवटची गोष्ट दरवानाची. कंपनीचा डबाही राउटर आणि आपला पहिला डबाही राउटर, असे दोन दरवान एका घराला ठेवले की गोंधळ होतो. एकालाच ते काम द्या. कंपनीचा डबा ‘ब्रिज’वर टाका, नाहीतर आपला संच ‘ॲक्सेस पॉइंट’वर ठेवा. कंपनीच्या डब्याचं जुनं वायफाय बंद करा. एका डब्याकडे एकच तार जाऊ द्या, गोल फेरा करू नका. मग फोनवरच्या ॲपमध्ये पाहा, प्रत्येक डब्यापुढे तारेची खूण दिसली पाहिजे. आणि सगळे डबे इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेल्यावर एक जरी बंद पडला तरी मागची खोली पुन्हा अंधारात.

हा शेवटच्या खोलीचा प्रश्न फक्त घराचा नाही, जिल्ह्याचाही आहे. भारतनेट योजनेनं फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं ठरवलं, पण पंचायतीपासून पाड्यापर्यंतचं अंतर उरलंच. पूर्वी आमच्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये मुंबई आयआयटीच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूनं ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रयोग केला. खामलोलीच्या परिसरात त्यांनी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून पाहिल्या. त्या लहरी वायफायपेक्षा कितीतरी लांब, झाडीतूनही पुढे जाणाऱ्या. या कामाला २०१७ साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. डोंगर आणि झाडी मधे असताना तार नेणं अवघड, म्हणून तिथे लहर लांब करावी लागली. आपल्या घरात मधे एक जिना आणि दोन भिंती. वीस-पंचवीस मीटर तारेचं काम.

भिवंडीत सध्या जुनी घरं पाडून नवी उठत आहेत. घर बांधताना आपण पाण्याची नळी, विजेची नळी प्रत्येक खोलीत आठवणीनं टाकून घेतो. त्यांच्याबरोबर आणखी एक रिकामी नळी प्रत्येक खोलीत टाकायला गवंड्याला सांगा. तार आज नसेल तर उद्या ओढता येईल. आणि मोजणी करताना सुरुवात बैठकीपासून नको. घरातली सगळ्यांत मागची खोली कोणाची आहे ते विचारा आणि तिथूनच सुरू करा.